माउसशिवाय पॉइंटर: कीबोर्डवरून पॉइंटर चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माउस आत्ता, काम चालू असतानाच बंद पडला. काय करू?

आधी कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करा. बाकीचं नंतर.

विंडोज असेल आणि कीबोर्डच्या उजव्या टोकाला अंकांचा वेगळा पॅड असेल, तर डावं ऑल्ट आणि डावं शिफ्ट दाबून धरा आणि नम लॉक दाबा. दोन्ही बटणं डावीकडचीच हवीत. उजवीकडची चालत नाहीत आणि बरेच जण नेमके इथेच अडतात. स्क्रीनवर एक छोटी चौकट येईल, ‘माउस कीज चालू करायच्या का’ असं विचारणारी. एंटर दाबा. आता पॅडवरचं ८ दाबलं की पॉइंटर वर जातो, २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे, आणि मधलं ५ म्हणजे क्लिक. पॉइंटर हलायच्या ऐवजी आकडे उमटत असतील, तर नम लॉक एकदा दाबून पाहा.

एवढ्यावर वेळ मारून नेता येते. मशीन नीट बंदच करायचं असेल तर पॉइंटरचीही गरज नाही: डेस्कटॉपवर येऊन ऑल्ट आणि एफ४ दाबा, बंद करण्याची चौकट उघडते.

आणि हो, वायरलेस माउस असेल तर एवढा खटाटोप करण्याआधी बॅटरी बदलून पाहा. वायरचा असेल तर दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. दर वेळी माउस ‘गेलेला’ नसतो.

हे ‘माउस कीज’ म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टीममध्येच असलेली सोय. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. तुम्ही पॅडवरचं बटण दाबता, सिस्टीम ते मध्येच अडवते आणि पुढे प्रोग्रॅमला ‘माउस हलला’ किंवा ‘माउसचं बटण दाबलं’ असा निरोप देते. प्रोग्रॅमच्या दृष्टीने समोर माउसच असतो. म्हणून जिथे माउस चालतो तिथे बहुतेक ठिकाणी हेही चालतं, मग त्या प्रोग्रॅमने कीबोर्डचा विचार केलेला असो वा नसो. हीच या सोयीची ताकद आहे आणि मर्यादाही. त्याबद्दल खाली येईलच.

शब्दांचा एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. बोलताना आपण सरसकट ‘कर्सर’ म्हणतो. या पानावर ‘पॉइंटर’ म्हणजे माउसचा बाण आणि ‘कर्सर’ म्हणजे मजकुरात लुकलुकणारी उभी रेघ. माउस कीज बाण हलवतात, रेघ नाही. ‘चालू केलं पण वर्डमध्ये रेघ हलत नाही’ अशी तक्रार येते, तिचं उत्तर हेच.

विंडोजमध्ये कोणतं बटण काय करतं?

पॅडकडे नकाशासारखं बघा. मध्ये ५, म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा. भोवतालची आठ बटणं म्हणजे आठ दिशा. ७, ९, १ आणि ३ तिरके नेतात: ७ वर-डावीकडे, ३ खाली-उजवीकडे, वगैरे. ५ एक क्लिक करतं, अधिक (+) डबल क्लिक.

आता महत्त्वाचं: ५ ने कोणतं क्लिक होणार हे आधी ठरवावं लागतं. भागाकार (/) दाबलं की इथून पुढे ५ म्हणजे माउसचं डावं बटण. वजाबाकी (-) दाबलं की उजवं. गुणाकार (*) दाबलं की दोन्ही एकत्र. हे क्वचितच लागतं. शून्य म्हणजे बटण दाबून धरणं, आणि दशांश टिंब म्हणजे सोडणं.

क्लिक करायला जातो आणि दर वेळी राइट क्लिकचाच मेनू उघडतो. बिघडलंय का काही?

नाही. तुम्ही कधीतरी वजाबाकी दाबलीय आणि विसरलात.

खऱ्या माउसवर दोन बटणं दोन बोटांखाली असतात, निवड क्लिक करतानाच होते. इथे निवड आधी होते आणि ती तशीच टिकते. एकदा वजाबाकी दाबली की पुढचं प्रत्येक ५ हे राइट क्लिकच, तुम्ही पुन्हा भागाकार दाबेपर्यंत. नवशिक्याचा निम्मा वैताग या एका गोष्टीतून येतो. मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे: वजाबाकी, ५, भागाकार. तिन्ही एका दमात, मध्ये विचार नाही. राइट क्लिक झाला की लगेच डावं बटण परत. मेनू उघडाच राहतो, भागाकाराने तो बंद होत नाही.

राइट क्लिकसाठी दुसरी वाटही आहे आणि बरेचदा तीच बरी. आधी टॅबने किंवा बाणांच्या बटणांनी ती वस्तू निवडा, मग शिफ्ट आणि एफ१० दाबा. काही कीबोर्डवर उजव्या कंट्रोलशेजारी मेनूचं चित्र असलेलं बटण असतं, तेही हेच करतं.

घड्याळाशेजारी माउसचं छोटं चित्र दिसत असेल तर त्यावर कोणतं बटण निवडलेलं आहे ते कळतं. दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये ते दाखवण्याचा पर्याय आहे. पहिले काही दिवस ते चालूच ठेवा.

ड्रॅग कसं करायचं?

पॉइंटर वस्तूवर न्या, शून्य दाबून सोडा. आता सिस्टीमच्या लेखी माउसचं बटण दाबलेलंच आहे. तुम्हाला काही धरून ठेवायचं नाही. पॉइंटर हवा तिथे न्या. वाटेत थांबा, चहा प्या, वस्तू सुटत नाही. पोचलात की टिंब दाबा.

ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. माउसने ड्रॅग करताना बटण दाबून ठेवणं आणि हात सरकवणं ही दोन कामं एकाच हाताने एकाच वेळी करावी लागतात आणि नेमकं अर्ध्या वाटेत बोट सुटून फाइल भलत्याच फोल्डरमध्ये पडते. इथे ती दोन कामं सुटी होतात.

फक्त टिंब विसरू नका. विसरलात तर पॉइंटर जाईल तिथलं सगळं निळं होत जातं, चिन्हं मागे ओढली जातात आणि माणसाला वाटतं व्हायरस आला. पुढे टिंब दाबून सोडवलं तर वस्तू आत्ता जिथे पॉइंटर आहे तिथे टाकली जाते, म्हणून आधी एस्केप दाबा, मग टिंब. चुकून काही हललंच तर कंट्रोल आणि झेड.

तरी फाइल हलवायलाच ड्रॅग करत असाल, तर कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्ही आहेतच की.

पॉइंटर मुंगीच्या पावलांनी चालतो. वेग कसा वाढवू?

मुळात बटण सतत दाबून ठेवलं की वेग हळूहळू चढतो. टिचक्या मारत राहिलात तर पॉइंटर टिचकीएवढाच सरकेल. लांब जायचं तर धरून ठेवा, जवळ आलात की टिचक्या.

सेटिंग्जमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या असतात आणि त्यांची गल्लत होते. एक कमाल वेग, म्हणजे शेवटी किती जोरात पळायचं. दुसरी प्रवेग, म्हणजे त्या वेगाला किती लवकर पोचायचं. माझा सल्ला असा की कमाल वेग बराच वर न्या आणि प्रवेग मधोमध ठेवा. प्रवेगही टोकाला नेलात तर बटणावर बोट टेकताच पॉइंटर लक्ष्याच्या पलीकडे जातो आणि मग परत आणायची कसरत.

तिथेच एक पर्याय आहे: कंट्रोल धरलं तर वेगात, शिफ्ट धरलं तर सावकाश. तो नक्की चालू करा. त्याच्याशिवाय मोठ्या स्क्रीनवर माउस कीज वापरणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा.

सेटिंग्ज कुठे: विंडोज आणि यू एकत्र दाबलं की थेट सुलभता विभाग उघडतो. त्यात माउसचं पान आहे, टॅब आणि बाणांनी तिथे पोचता येतं.

हे चालू केल्यापासून आकडे टाइप होत नाहीत.

कारण पॅड आता माउस झाला आहे. यावर उत्तम उपाय सेटिंग्जमध्येच आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या माउस कीजच्या पानावर विचारलेलं असतं की हे नम लॉक चालू असताना चालावं की बंद असताना. ‘बंद’ निवडा. मग नम लॉकचा दिवा लागलेला असला की आकडे, विझलेला असला की माउस. एकाच बटणाने इकडून तिकडे.

‘चालू’ निवडलं तर उलटं होतं: दिवा लागला की माउस, विझला की होम, एंड, पेज अप वगैरे. आकडे मग वरच्या ओळीतूनच टाइप करावे लागतात. ज्याला हिशेबाचं काम नाही त्याला हेही चालेल.

नम लॉक हे बटण मुळात का आहे, हा विचार कधी मनात आलाय? १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर ८३ बटणं होती आणि बाणांसाठी वेगळी बटणं नव्हती. आकडे आणि बाण एकाच पॅडवर दाटीवाटीने राहत होते. आता पॅड कोणाचा, हे ठरवायला नम लॉक. पुढे बाणांना स्वतंत्र घर मिळालं, पण नम लॉक तिथेच राहिलं. माउस कीजने त्या पॅडवर तिसरा भाडेकरू आणून ठेवला एवढंच.

माझ्या लॅपटॉपला अंकांचा पॅडच नाही.

विंडोजची गाडी इथे खरंच अडते. विंडोजच्या माउस कीज अंकांच्या पॅडवरच चालतात. वरच्या ओळीतले आकडे किंवा बाणांची बटणं त्यांना चालत नाहीत.

काही लॅपटॉपमध्ये अक्षरांच्या बटणांवरच, कोपऱ्यात बारीक अक्षरात, अंक छापलेले असतात आणि फंक्शन बटणासोबत नम लॉक लावता येतं. तसे असतील तर तोच तुमचा पॅड. नसतील तर यूएसबीला लावायचा सुटा अंकपॅड मिळतो. तळहाताएवढा असतो, बॅगेत राहतो, आणि माउस कीज रोज वापरणार असाल तर तोच शहाणपणाचा मार्ग आहे. शिवाय तो कीबोर्डच्या डावीकडेही ठेवता येतो, उजवा हात दुखणाऱ्याला याची किंमत कळेल.

तिसरी वाट ऑटोहॉटकी नावाच्या मोफत प्रोग्रॅमची. त्यात छोटी स्क्रिप्ट लिहून कोणत्याही बटणाला पॉइंटर हलवायला लावता येतं. हात घालायची तयारी असेल तर मजेशीर आहे, पण दुसऱ्याच्या मशीनवर तुमची स्क्रिप्ट नसते हे लक्षात ठेवा.

मॅकवर?

मॅकने पॅड नसलेल्यांचा विचार केलेला आहे. माउस कीज चालू असताना अक्षरांचा एक चौकोनच पॅड बनतो: ७, ८, ९, त्याखाली यू, आय, ओ, त्याखाली जे, के, एल. मधलं आय म्हणजे क्लिक. ८ वर, के खाली, यू डावीकडे, ओ उजवीकडे. एम दाबलं की बटण धरलं जातं, टिंबाने सुटतं. राइट क्लिकसाठी कंट्रोल धरून आय. अंकांचा पॅड असेल तर त्यावर विंडोजसारखंच: ५ क्लिक, शून्य धरणं, टिंब सोडणं.

चालू करायचं ठिकाण: सिस्टीम सेटिंग्ज, सुलभता विभाग, त्यात पॉइंटरचं पान. माउस नसताना तिथे पोचायचं तर ऑप्शन, कमांड आणि एफ५ एकत्र दाबा. सुलभतेची छोटी यादी उघडते. टच आयडी असलेल्या कीबोर्डवर ते बटण तीनदा पटापट दाबूनही ती येते. ऑप्शन मात्र विसरू नका. नुसतं कमांड आणि एफ५ दाबलंत तर व्हॉइसओव्हर सुरू होतो आणि मॅक मोठ्याने बोलायला लागतो. घाबरू नका, तेच पुन्हा दाबलं की गप्प होतो.

सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शन पाच वेळा दाबून चालू-बंद’ असा पर्याय आहे. सोयीचा आहे, आणि पुढच्या प्रश्नाचं मूळही तोच आहे.

मॅकवर अचानक काही अक्षरंच उमटत नाहीत: यू, आय, ओ, जे, के, एल, एम. कीबोर्ड गेला का?

बिघाडाने बटणं जातात तेव्हा ती अशी नेमक्या चौकोनात जात नाहीत. माउस कीज चालू झाल्या आहेत. ऑप्शन पाच वेळा दाबून पाहा, किंवा वर सांगितलेली यादी उघडून तिथून बंद करा. माउस कीज चालू असताना मॅकवर ही अक्षरं टाइप करता येत नाहीत, त्यामुळे लिहायचं काम असेल तर पाच वेळा ऑप्शन हा येण्याजाण्याचा दरवाजाच होऊन बसतो.

लिनक्सवर काय परिस्थिती आहे?

डेस्कटॉपवर अवलंबून. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये सेटिंग्जच्या सुलभता विभागात, पॉइंटर आणि क्लिकच्या पानावर माउस कीजचा खटका आहे. चालू केल्यावर नम लॉक बंद असायला हवं, नाहीतर पॅड आकडेच देत राहतो. एक्स११ वर (लिनक्सवर खिडक्या आणि पॉइंटर सांभाळणारी जुनी प्रणाली) आणखी जुना मार्ग आहे: कीबोर्डच्या मांडणीत ‘कीपॅड पॉइंटरकीज’ हा पर्याय लावला की शिफ्ट आणि नम लॉकने तो चालू-बंद होतो. त्यात भागाकार म्हणजे डावं बटण, वजाबाकी म्हणजे उजवं आणि गुणाकार म्हणजे मधलं. विंडोजमध्ये गुणाकार ‘दोन्ही’ असतो, तो फरक लक्षात ठेवा.

स्क्रोल कसं करायचं?

विंडोजच्या माउस कीजमध्ये चाक नाही. पेज अप, पेज डाउन, स्पेसबार, बाण. पानाच्या आत वेगळा सरकणारा डबा असेल तर आधी त्यात ५ ने एक क्लिक करा, मग बाण दाबा.

पॉइंटर गेला कुठे तेच दिसत नाही.

विंडोजच्या माउसच्या सेटिंग्जमध्ये ‘कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरची जागा दाखवा’ असा पर्याय आहे. चालू केला की कंट्रोल दाबून सोडल्यावर पॉइंटरभोवती वर्तुळं आक्रसत येतात. पॉइंटरचा आकार मोठा आणि रंग भडक करून ठेवला तर आणखी बरं. ते न करता शोधायचं तर ७ दाबून धरा आणि पॉइंटर वरच्या डाव्या कोपऱ्यात येऊ द्या, तिथून निघा. गमतीची युक्ती वाटते, पण चालते.

एकेक पाऊल चालण्यापेक्षा झटकन उडी मारता येत नाही का?

येते, पण त्यासाठी सिस्टीमच्या बाहेरची साधनं लागतात.

मला सर्वांत आवडलेली कल्पना कीनॅव्ह या लिनक्सवरच्या जुन्या साधनाची आहे. ते पॉइंटर चालवतच नाही, स्क्रीन कापतं. डावी बाजू हवी असं सांगितलं की उजवी अर्धी स्क्रीन हिशेबातून जाते. मग वरचा अर्धा भाग, मग पुन्हा डावा. गणित बघा: १९२० पिक्सेल रुंद स्क्रीन सहा वेळा अर्धी केली की ३० पिक्सेलवर येते. उंचीच्या १०८० पिक्सेलना पाच वेळा अर्धं केलं की सुमारे ३४ उरतात. म्हणजे अकरा टिचक्यांत तुम्ही स्क्रीनवरच्या कुठल्याही छोट्या बटणावर, आणि प्रत्यक्षात बरेचदा त्याहून कमी टिचक्यांत, कारण बटण नेमकं मधोमध असायची गरज नसते. कीनॅव्ह एक्स११ साठी आहे. आवाजावर चालणाऱ्या प्रणालीही हीच कल्पना वापरतात: स्क्रीनवर नऊ घरांची जाळी येते, घराचा आकडा बोलला की त्या घरात पुन्हा नऊ घरं.

ब्राउझरपुरतं बोलायचं तर व्हिमियमसारखं एक्स्टेन्शन. एफ दाबलं की पानावरच्या प्रत्येक लिंकवर एक-दोन अक्षरांची चिठ्ठी लागते. ती अक्षरं टाइप केली की लिंक उघडते. एकदा सवय झाली की लिंकसाठी माउसकडे हात जातच नाही.

आणि ज्यांना कीबोर्ड स्वतः जुळवायचा नाद आहे त्यांच्यासाठी क्यूएमके. हे सॉफ्टवेअर कीबोर्डच्या आतल्या चिपवर चालतं. त्यात माउसची बटणं नेमली की कीबोर्ड संगणकाला ‘मी माउससुद्धा आहे’ असंच सांगतो, चाकासकट. कोणत्याही मशीनला लावा, तिथे काहीच सेटिंग लागत नाही. त्रास फक्त सुरुवातीचा.

मग रोजचं काम माउस कीजवरच करावं का?

माझं मत विचाराल तर नाही, जोवर दुसरा इलाज आहे तोवर. पॉइंटर ही मुळात हाताच्या हालचालीसाठी केलेली गोष्ट आहे. १९६४ मध्ये डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने पहिला लाकडी माउस बनवला तो टेबलावर हात फिरवण्यासाठीच. आठ दिशांच्या बटणांनी ती हालचाल नक्कल करणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. कीबोर्डची स्वतःची चाल वेगळी आहे: तो सरकत नाही, उड्या मारतो.

म्हणून आधी विचारा, इथे पॉइंटर हवाच आहे का? टॅबने पुढच्या बटणावर, शिफ्ट-टॅबने मागच्या. एंटरने लिंक उघडते, स्पेसबारने खूण होते. विंडोज बटण दाबून प्रोग्रॅमचं नाव टाइप करायला लागा, तो समोर येतो. विंडोज आणि १ ते ९ मधला आकडा दाबला की टास्कबारवरचा त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम. विंडोज-बी ने घड्याळाशेजारच्या चिन्हांकडे. ऑल्ट एकटंच दाबलं की बऱ्याच प्रोग्रॅममध्ये मेनू जागा होतो. एकामागोमाग नसलेल्या फाइली निवडायच्या तर कंट्रोल धरून बाणाने फिरा आणि हव्या त्यावर कंट्रोल-स्पेस. वेबपानावरचा मजकूर निवडायचा तर एफ७ दाबा, फायरफॉक्स, क्रोम आणि एज तिन्हींमध्ये पानावर लुकलुकणारी रेघ येते, मग शिफ्ट आणि बाण.

खिडकी स्क्रीनच्या बाहेर निसटली असेल, तर माउसवाल्यांनाही ही युक्ती लागते: ऑल्ट-स्पेस, मग एम, मग एखादा बाण. खिडकी परत आत येईपर्यंत बाण दाबत राहा, शेवटी एंटर.

एवढं करूनही काही ठिकाणं उरतात. नकाशे, चित्रं काढायचे प्रोग्रॅम, आणि आळसाने बनवलेली पानं, जिथे टॅब पोचतच नाही. माउस कीज तिथे वापरा.

एक अपवाद माझ्या मतालाही आहे. चित्र किंवा आराखडा नेमका बसवायचा असतो तेव्हा हातात चांगला माउस असूनही काही जण मुद्दाम माउस कीज चालू करतात. शिफ्ट धरून टिचकी मारली की पॉइंटर केसभर सरकतो, आणि मुख्य म्हणजे सरळ रेषेत सरकतो. हाताने कितीही जपून केलं तरी ते जमत नाही.

हात दुखतो म्हणून माउस सोडतोय. याने बरं वाटेल?

मनगटाचा भार बदलेल, नाहीसा होणार नाही. बटण दाबून धरून ठेवणं हाही ताणच आहे, फक्त तो बोटांकडे जातो. दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. सेटिंग्ज बदलून ते बरं होत नाही.

ज्यांना एकच हात, एकच बोट किंवा तोंडात धरलेली कांडी वापरून काम करावं लागतं, त्यांच्यासाठी मात्र ही सोय म्हणजे संगणकाचा दरवाजाच आहे. त्यांनी सोबत स्टिकी कीज पाहाव्यात: शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट धरून न ठेवता एकामागून एक दाबता येतात. या सगळ्या सोयींच्या मुळाशी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमधलं ग्रेग व्हँडरहायडन आणि सहकाऱ्यांचं काम आहे. विंडोज ९५ पासून त्या विंडोजच्या आतच येतात. त्याआधी वेगळ्या टाकाव्या लागत.

एनव्हीडीए आणि माउस कीज एकत्र चालतील?

एनव्हीडीए म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारा विंडोजवरचा प्रोग्रॅम. दोघांनाही तोच पॅड हवा असतो, त्यामुळे भांडण ठरलेलं. एनव्हीडीएच्या डेस्कटॉप मांडणीत पॅडवर वाचनाच्या आज्ञा असतात. एनव्हीडीए वापरणाऱ्याला सहसा माउस कीज लागतच नाहीत: एनव्हीडीए बटण आणि पॅडवरचा भागाकार दाबला की पॉइंटर थेट त्या वस्तूवर येतो, मग नुसता भागाकार म्हणजे डावा क्लिक आणि गुणाकार म्हणजे उजवा. वजाबाकी नव्हे, माउस कीजची सवय असलेला इथे हमखास चुकतो. दोन्ही हवेच असतील तर एनव्हीडीए लॅपटॉप मांडणीवर ठेवा, तिच्यात पॅड मोकळा राहतो.

मी वेबसाइट बनवतो. माउस कीज असताना कीबोर्डसाठी वेगळं काही का करायचं?

हा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो, म्हणून स्पष्ट लिहितो. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला २.१.१ हा निकष सांगतो की सगळं काम कीबोर्डवरून होता आलं पाहिजे. त्याच्या स्पष्टीकरणात माउस कीजचं नाव घेऊन म्हटलेलं आहे की याने निकष पूर्ण होत नाही, कारण प्रोग्रॅमला समोर कीबोर्ड नव्हे तर माउसच दिसतो. ज्याला स्क्रीन दिसत नाही तो पॉइंटर कुठे नेणार? ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत ड्रॅगबद्दलही निकष आला: जे ओढून होतं ते न ओढता, साध्या क्लिकनेही झालं पाहिजे.

स्वतः तपासायचं तर माउस काढून ठेवा आणि आपल्याच साइटवर फक्त टॅबने एक फॉर्म भरून दाखवा. आपण कुठे आहोत हे दर पावलाला दिसतं का, एखाद्या चौकटीत अडकून पडता का, एवढं बघा.

बंद कसं करू?

ज्या बटणांनी चालू केलं त्यांनीच: डावं ऑल्ट, डावं शिफ्ट, नम लॉक. या वेळी चौकट येत नाही, फक्त आवाज येतो. तीन बटणांचा हा शॉर्टकट चुकून दाबला जात असेल तर सेटिंग्जमध्ये शॉर्टकटच बंद करता येतो. पण माझं ऐका, तो राहू द्या. माउस दगा देतो त्या दिवशी तोच कामाला येतो. मशीन दुसऱ्यांच्याही वापरातलं असेल तर उठण्यापूर्वी माउस कीज बंद करा, नाहीतर पुढचा माणूस पॅडवर आकडे दाबत बसेल आणि कीबोर्ड बदलून आणेल.